"मुलाचं पुस्तक का?" : मोठेपणी वाचलेल्या जादूच्या गोष्टी (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात पुण्याहून मुंबईला निघाले होते. सकाळची गाडी, खिडकीची जागा आणि हातात हॅरी पॉटरचा तिसरा भाग. कितव्यांदा, ते आता मोजत नाही. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, शाळेत वह्यांना घालायचो तसं. लोणावळ्याला चहा घेताना कव्हर सरकलं आणि आतलं रंगीत चित्र दिसलं. समोरच्या काकांनी कौतुकाने विचारलं, "मुलाचं पुस्तक का?"

मी म्हणाले, "हो, मुलाचंच."

माझा मुलगा एकवीस वर्षांचा आहे आणि त्याने ही पुस्तकं कधी उघडलेलीही नाहीत. पुस्तक माझं आहे, २००० साली माझ्या पगारातून घेतलेलं. काका पुन्हा पेपरात शिरले, पण कर्जत येईपर्यंत मला एक पान उलटवेना. एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं का बोलले मी?

हे कव्हर घालणं माझ्या एकटीचं नाही. १९९७ साली पहिला भाग इंग्लंडमध्ये आला तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रती काढल्या होत्या. पुढच्याच वर्षी प्रकाशक ब्लूम्सबरीने तेच पुस्तक मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठात आणलं. वर वाफेच्या इंजिनाचं कृष्णधवल छायाचित्र, आत शब्द न् शब्द तोच. म्हणजे लंडनच्या गाडीतही माणसं लपवूनच वाचत होती.

आणि वाचत का होतो, तर मला वाटतं, मोठेपणी या पुस्तकांतली मोठी माणसं दिसायला लागतात. तेविसाव्या वर्षी मी हॅरी, रॉन, हर्मायनी या तीन पोरांच्या मागे धावत होते. आता तिसरा भाग उघडला की माझी नजर आधी त्यांच्या जादूच्या शाळेतल्या ल्युपिन सरांच्या बॅगेवर जाते. जुनी, दोरीने बांधलेली बॅग, त्यावर नावाची सोललेली अक्षरं. दर महिन्याला उलटणारा आजार लपवून नोकरी टिकवणारा माणूस. तो आजार बाहेर फुटल्यावर 'पालकांची पत्रं यायच्या आत मीच निघतो' म्हणून सामान भरणारा. असा माणूस मी आमच्या कार्यालयात पाहिलेला आहे. २००४ चा सिनेमा मला या सगळ्या सिनेमांत सर्वात जास्त आवडतो, पण ती बॅग मला पुस्तकातच दिसते.

तर तुमचे अनुभव लिहा. कोणतं पुस्तक, कोणत्या वयात, कोण हसलं, सिनेमा पाहून काय वाटलं. हॅरी पॉटरच हवा असं नाही. ज्यांना मोठ्यांनी हे वाचणं पटत नाही त्यांनीही लिहा, मला ते खरोखर ऐकायचं आहे.

ठाणे, लेखा विभागात नोकरी

माझ्या बाबांचा अनुभव लिहिते. बाबा ६९ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. आयुष्यभर वर्तमानपत्र आणि ज्ञानेश्वरी, याशिवाय हातात काही नाही. माझी बहीण कॅनडात असते. तिची मुलगी अकरा वर्षांची. रविवारी व्हिडिओ कॉलवर नात आणि आजोबा दोन मिनिटांत गप्प व्हायचे. "जेवलीस का?" "हो." "शाळा कशी आहे?" "छान." संपलं.

एकदा नातीने सांगितलं की ती हॅरी पॉटर वाचते आहे. बाबांनी मला काही न विचारता दुकानात जाऊन मराठी पहिला भाग आणला. 'हॅरी पॉटर आणि परीस', भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेला. त्या 'परीस' शब्दानेच काम केलं असं मला वाटतं. दुसरा कुठला अवघड शब्द असता तर बाबांनी पुस्तक खाली ठेवलं असतं. परीस त्यांना आजीच्या गोष्टींपासून माहीत होता.

आता रविवारचा कॉल तास-तास चालतो. बाबांना खेळ, ड्रॅगन, लढाया यांत रस नाही. त्यांना सर्वात आवडतं ते हॅरीच्या मित्राच्या, रॉन वीझ्लीच्या घरातलं घड्याळ. नऊ काटे, घरातल्या प्रत्येकाचा एक. आकड्यांच्या जागी लिहिलेलं असतं: घरी, शाळेत, कामावर, प्रवासात, हरवलेला, दवाखान्यात. बाराच्या जागी 'प्राणसंकटात'. बाबा नातीला म्हणाले, "असं घड्याळ मला पाहिजे होतं गं. तुझी आई पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा."

दुसऱ्या सिनेमात ते घड्याळ दिसतं, पण क्षणभरच. बाबांसाठी मला तिथे सिनेमा थांबवून ठेवावा लागला. ते उठून टीव्हीजवळ गेले, चष्मा वर करून काटे बघितले आणि मग म्हणाले, चालू कर.

आमच्या एका नातेवाइकांनी त्यांना पुस्तकासह पाहिलं आणि म्हणाले, "या वयात हे काय?" बाबांनी शांतपणे उत्तर दिलं, "नातीची भाषा शिकतोय."

लातूर, सध्या पुणे, स्पर्धा परीक्षा

मी आधी सिनेमे पाहिले. तेही हिंदीत, टीव्हीवर, शेजाऱ्यांच्या घरी, मधून मधून वीज जात असताना. मधला एक भाग तर मी तीन वर्षांनी पाहिला. त्यामुळे पुस्तकवाले भेटले की म्हणतात, "तू फक्त सिनेमे पाहिलेत? मग तुला काय कळणार." हे ऐकून वाईट वाटतं. आमच्या गावात त्या वेळी वाचनालयाच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते भेटत नसत. सिनेमाच दार होता. सिनेमात स्नेप सरांचं काम करणारे ॲलन रिकमन गेले, १४ जानेवारी २०१६ ला, तेव्हा मी त्यांचा खरा आवाज एकदाही ऐकलेला नव्हता, हिंदीतला स्नेपच माहीत होता. तरी दिवसभर चैन पडलं नाही.

पहिलं पुस्तक मी सव्विसाव्या वर्षी वाचलं, अभ्यासिकेत, सामान्य अध्ययनाच्या ठोकळ्याखाली ठेवून. शेजारचा मित्र हसला. मग मी त्याला ते सात बाटल्यांचं कोडं दाखवलं. सिनेमात ते नाहीच! शेवटच्या अडथळ्यांमध्ये स्नेपने ठेवलेल्या सात बाटल्या, तीनमध्ये विष, दोनमध्ये साधी दारू, एक पुढे नेणारी, एक मागे. हर्मायनी ते जादूने नाही, तर्काने सोडवते. आम्ही दोघांनी वहीत सात चौकोन आखले आणि रात्री साडेअकरापर्यंत बसलो. पूर्ण सुटत नाही, कारण सर्वात मोठी आणि सर्वात लहान बाटली कुठे ठेवली आहे हे पुस्तक वाचकाला सांगत नाही. पण तिथपर्यंत पोहोचायला जी मजा आली, ती बुद्धिमापन चाचणीच्या कुठल्याच पुस्तकात आली नव्हती. मित्राने दुसऱ्या दिवशी पुस्तक मागून घेतलं.

कोल्हापूर

माझा अनुभव एका पानाचा आहे.

आईला विसरण्याचा आजार होऊन सहा वर्षं झाली. मला ती कधी 'ताई' म्हणते, कधी 'सिस्टर'. तिच्याजवळ रात्री जागायला लागायचं, म्हणून मुलीच्या कपाटातून जाडजूड पुस्तक उचललं, एवढंच कारण. तो पाचवा भाग निघाला.

त्यात नाताळात ही मुलं दवाखान्यात जातात आणि तिथे बंद वॉर्डात त्यांचा वर्गमित्र नेव्हिल दिसतो, आजीबरोबर आलेला. त्याच्या आईवडिलांचा छळ करून करून त्यांचं भान गेलेलं आहे. मुलाला ते ओळखत नाहीत. आई रात्रीच्या कपड्यांत, पांढऱ्या केसांची, हळूहळू चालत येते आणि त्याच्या हातात काहीतरी ठेवते. च्युइंग गमचा रिकामा कागद. आजी म्हणते, छान, छान, टाक तो कचऱ्याच्या डब्यात, अशा कागदांनी तुझी खोली मढवून होईल एव्हाना. आणि तो निघताना कागद खिशात सरकवतो.

मी पुस्तक मिटलं. माझ्या पर्समध्ये तेव्हा औषधाच्या गोळ्यांची अकरा रिकामी पाकिटं होती. आई ती नीट घडी घालून, इकडेतिकडे बघून, पैसे दिल्यासारखी माझ्या मुठीत द्यायची. कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

मुलीला विचारलं, तुला हे पान आठवतं का? ती म्हणाली, "कुठलं गं?" तिने तो भाग चार वेळा वाचला आहे. तिला त्यातली लढाई पाठ आहे.

पुढे मुलीबरोबर पाचवा सिनेमा पाहिला. पूर्ण वेळ त्या दवाखान्याची वाट बघत बसले. तो प्रसंगच घेतला नाही. नेव्हिल आईवडिलांबद्दल बोलतो, फोटो दिसतो, पण दवाखाना नाही आणि कागदही नाही. मला इतका राग आला की मुलगी घाबरली. ज्यांनी सिनेमा केला त्यांना वाटलं असेल, मुलांना याचं काय. पण मग आम्हाला?

सातारा, निवृत्त शिक्षक

धागालेखिकेने विरोधी मत मागितलं आहे म्हणून लिहितो. वरचा अनुभव वाचून काही वेळ लिहावंसं वाटेना, तरी लिहितो.

मी पहिला भाग इंग्रजीतून प्रामाणिकपणे वाचला. दुसरा निम्मा. माझं मन लागलं नाही. बरं वाईट आधीच ठरलेलं, अडचण आली की वेळेवर एखादी जादू. अमेरिकेतले समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी २००० साली आणि इंग्लंडच्या कादंबरीकार ए. एस. बायट यांनी २००३ साली या पुस्तकांवर कडक लिहिलं, तेव्हा त्यांच्यावर फार टीका झाली. बायटबाईंचा आक्षेप होता की मोठी माणसं इथे बालपणीच्या उबेत परत जातात. मला तो आक्षेप अजून निकालात निघालेला वाटत नाही.

माझं खरं दुःख वेगळं आहे. माझ्या हाताखालून गेलेले हुशार विद्यार्थी आज पस्तिशीत आहेत. ते ही पुस्तकं पाचव्यांदा वाचतात, आणि जी. ए. कुलकर्णींचं एक पानही त्यांनी उघडलेलं नाही. अद्भुतच हवं असेल तर जी.एं.च्या कथेत काय कमी आहे? वाचायला माणसाला मिळणारी वर्षं मोजकी असतात. साठीनंतर मी लहानपणीचे 'चांदोबा' मिळवून पुन्हा पाहिले. चित्रांनी तोच आनंद दिला. गोष्टींनी दिला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं, कारण त्या माझ्यासाठी उरल्या नव्हत्या.

आणखी एक पाहिलेलं सांगतो. नातवाला घेऊन अशाच एका सिनेमाला गेलो होतो. पुढच्या चार रांगा पंचविशीतल्या तरुणांनी भरलेल्या. प्रत्येक पात्र आलं की शिट्ट्या आणि टाळ्या, संवाद आधीच मोठ्याने म्हणणं. पुढे काय होणार हे नातवाला माहीत नव्हतं. ते त्याला पडद्याआधी त्या रांगेने सांगितलं. तो घरी येईपर्यंत बोलला नाही. मुलांच्या अंगणात मोठ्यांनी जरूर यावं, पण जागा अडवू नये.

भोसरी, कारखान्यात रात्रपाळी

सरांचा नातवाचा अनुभव शंभर टक्के खरा. मीही ते पाहिलं आहे, आणि एकदा त्या शिट्ट्या मारणाऱ्यांत होतो. पुन्हा मारणार नाही.

पण अद्भुत कथा मुलांची आणि आपण पाहुणे, हे मला पटत नाही. 'हॉबिट'चे लेखक टोल्कीन यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडला सेंट अँड्रूजमध्ये व्याख्यान दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की परीकथा मुलांच्या खोलीत गेल्या त्या घरातलं जुनं फर्निचर जातं तशा. मोठ्यांना नकोसं झालं, मोडलं तरी चालेल, म्हणून तिकडे ढकललं. मुलांनी मागितलं होतं म्हणून नाही. आपल्याकडे तर हे लगेच कळतं. वेताळपंचविशी काय मुलांसाठी रचली होती? त्यातले न्यायाचे प्रश्न मोठ्यांचीही झोप उडवतील असे आहेत. 'चांदोबा'त आला म्हणून वेताळ लहान झाला.

आता माझा अनुभव. 'हॉबिट' मी चौतिसाव्या वर्षी वाचलं, रात्रपाळीत मशीन एका कामावर लागली की मधे वीस मिनिटं मिळतात तेव्हा. १९३७ चं पुस्तक. प्रकाशकाने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं, एक शिलिंग मेहनताना. त्याने लिहून दिलं की पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. आणि त्या पुस्तकाचा नायक किती वर्षांचा आहे? पन्नास! बिल्बोला घर आहे, भरलेली कोठी आहे, सकाळच्या दोन न्याहाऱ्या आहेत आणि कुठेही जायचं नाही. तो निघतो तेव्हा रुमाल घरी राहिला म्हणून रडकुंडीला येतो. आमच्या सुपरवायझर साहेबांनी निवृत्तीला आठ वर्षं असताना नोकरी सोडून गावी शेती सुरू केली. निघताना डबा विसरले म्हणून गेटवरून परत आले होते. मला बिल्बो तसाच दिसतो.

तीनशे पानांच्या या पुस्तकाचे २०१२ ते २०१४ तीन सिनेमे काढले. मी तिन्ही थिएटरात पाहिले, न्यूझीलंडचे डोंगर डोळे भरून पाहिले. माझं दुखणं शेवटाचं आहे. पुस्तकात शेवटची मोठी लढाई सुरू होते आणि बिल्बोच्या डोक्यात दगड बसून तो बेशुद्ध पडतो. जाग येते तेव्हा सगळं उरकलेलं असतं, रणांगणावर शांतता, आणि मित्र मरणाच्या दारात. लढाई कशी असते यापेक्षा लढाईनंतर काय उरतं, ते दाखवलं आहे. ज्याने हे लिहिलं तो स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, खंदकांत होता. सिनेमाने तीच लढाई ताणून ताणून दाखवली.

धागालेखिका

सर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. जी.ए. माझ्याकडे याच कपाटात, याच खणात आहेत. दोन्हींची पानं सारखीच पिवळी झाली आहेत. नातवाला आमच्या सगळ्यांकडून सॉरी सांगा.

पुणे

मी प्रतिसाद द्यावा की नाही, चार दिवस विचार केला.

पत्नी गेली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. घरातली कामं मी बिनचूक केली. डबा, गृहपाठ, शाळेची फी, सगळं. बोलणं तेवढं थांबलं. मला वाटायचं, मी रडलो नाही तर तोही सावरेल. संध्याकाळी स्वतःला गुंतवायला मॅक्स म्युलर भवनात जर्मनचे वर्ग लावले होते. तिसऱ्या वर्षी बाईंनी मिखाएल एंडे यांचं 'उनएंडलिशे गेशिश्टे' सुचवलं, न संपणारी गोष्ट. १९७९ चं पुस्तक. मुलांचं आहे, भाषा सोपी आहे, म्हणून.

ते दोन रंगांत छापलेलं आहे. आपल्या जगातला मजकूर एका रंगात, त्या जादुई देशातला दुसऱ्या. लाल आणि हिरवा. लाल मजकुरात बास्टियान नावाचा मुलगा आहे, आई वारलेली. वडील दातांच्या कवळ्या बनवतात. ते रागवत नाहीत, मारत नाहीत. फक्त कुठेतरी लांब असतात. मुलाला वाटतं, आपण नसलो तरी त्यांच्या लक्षात येणार नाही. शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावत होतो, त्यामुळे सुटका नव्हती. जी गोष्ट मराठीत पटकन वाचून पुढे गेलो असतो, ती मला शब्द न् शब्द उलगडून बघावी लागली.

शेवटी मुलगा परत येतो. वडील रात्रभर शोधत होते. तो सगळी हकिकत सांगतो, ते ऐकत राहतात आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याला दिसतं की वडील बदलले आहेत.

१९८४ चा सिनेमा मी मुलाबरोबर पाहिला. तो पुस्तकाच्या निम्म्यावरच संपतो. घोडा दलदलीत बुडतो तो प्रसंग चांगला आहे, पण पुस्तकात तो घोडा बोलतो, बुडताना मालकाला 'तू जा' म्हणतो. पडद्यावर तो मुका आहे. आणि वडिलांकडे परत येणं सिनेमात नाहीच. तिथे मुलगा ड्रॅगनवर बसून त्रास देणाऱ्या पोरांच्या मागे लागतो. एंडे यांना हा सिनेमा अजिबात पटला नव्हता, ते न्यायालयात गेले आणि हरले. मला त्यांची बाजू पटते.

सिनेमा संपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, मस्त होता." मी म्हणालो, "पुस्तकात शेवट वेगळा आहे." "कसा?" मी सांगायला लागलो. जर्मन वाक्यं मनात मराठीत करत सांगत होतो, त्यामुळे अडखळत होतो. 'वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं' इथे थांबलो. तो माझ्याकडे बघत होता. मग आम्ही दोघं जिच्याबद्दल तीन वर्षं बोललो नव्हतो, तिच्याबद्दल बोललो. स्वयंपाकघरात, दिवा न लावता.

कोलकाता, मूळ नागपूर

नवऱ्याच्या बदलीमुळे बारा वर्षं इथे आहे. इथे हा 'लपवून वाचण्याचा' प्रश्नच मला दिसला नाही, म्हणून लिहिते.

आमच्या खाली सत्तरीतले एक काका राहतात, निवृत्त इंजिनिअर. पहिल्या पावसाळ्यात वीज गेली होती, जिन्यावर सगळे बसलो होतो. मला बंगाली नुकतं समजायला लागलेलं. काका अचानक यमकांत बोलायला लागले, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पुढची ओळ म्हटली, मग एका कॉलेजच्या मुलाने त्याच्या पुढची. 'हीरक राजार देशे' चालू होतं! सत्यजित राय यांचा १९८० चा सिनेमा. त्यात हिऱ्यांच्या राजाचे दरबारी यमक जुळवून बोलतात आणि लोकांच्या डोक्यात राजाची स्तुती भरायला एक यंत्र असतं. शेवटी सगळे मिळून राजाच्या पुतळ्याला दोरी लावून ओढतात आणि राजाही येऊन हात लावतो. आणीबाणीनंतर थोड्याच वर्षांनी आलेला. मुलांना तो राजा मजेशीर वाटतो, मोठ्यांना काय वाटत असेल ते मी सांगायला नको.

त्याच्या आधीचा 'गुपी गाइन बाघा बाइन' १९६९ चा. मूळ गोष्ट राय यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर यांची. राय यांचा मुलगा लहान असताना त्यांना म्हणाला होता, मोठ्यांचे गंभीर सिनेमे किती दिवस काढणार, माझ्यासाठी काढा. त्यातला भुतांचा नाच बघितला नसेल तर जरूर बघा. राजे, शेतकरी, गोरे साहेब, लठ्ठ पंडित अशी भुतांची चार जातकुळं, साडेसहा मिनिटं नुसती तालवाद्यांवर नाचतात.

इथल्या घरांत सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल' या गमतीच्या कवितांच्या पुस्तकाची एकच प्रत बाळाच्या पाळण्यापासून आजोबांच्या उशीपर्यंत फिरते. हे पाहून मला आपल्याकडचं एक आठवलं. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा नागपूरला भाच्यांना घेऊन गेले होते. वैभव मांगले चेटकीण झाले होते. माझ्या शेजारी बसलेल्या आजी दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आठवून नातवाला सांगत होत्या, "आमची वेगळी होती." त्या क्षणी त्या आणि नातू एकाच वयाच्या होत्या. तेव्हा आपल्याकडे नाही असं म्हणवत नाही. आपण कबूल कमी करतो.

नाशिक, निवृत्त परिचारिका

वय ६१. मुलीने मला मियाझाकींचा २००४ चा तो चालत्या वाड्याचा सिनेमा, 'हाउल्स मूव्हिंग कासल', दाखवला. चित्रपट जपानी, पुस्तक इंग्लंडच्या डायना विन जोन्स यांचं, १९८६ चं. सिनेमा देखणा आहे, पण मी पुस्तकाची झाले. कारण पुस्तक पहिल्याच वाक्यात सांगतं की तीन भावंडांत थोरलं असणं हे दुर्दैव आहे.

मी थोरली. माझ्या पाठी दोन बहिणी. त्यांची शिक्षणं, त्यांची लग्नं, मग माझं. पुस्तकातली थोरली, सोफीही टोप्या शिवत दुकानात बसून राहते, कारण थोरलीचं काही व्हायचं नसतं हे तिने मान्यच केलेलं असतं. चेटकीण तिला शाप देते आणि एका क्षणात ती नव्वदीची म्हातारी होते. आणि मग काय होतं? ती बोलायला लागते! ज्याला जे सुनवायचं ते सुनावते, परक्याच्या घरात घुसून झाडू मारते, सैतानाशी सौदा करते. म्हातारपणाने तिची भीड चेपते. निवृत्तीनंतर माझं अगदी हेच झालं आहे. सिनेमात तिची एकच बहीण ठेवली, त्यामुळे थोरलेपणाची गंमत गेली. हे मी मुलीला सांगितलं. ती धाकटी आहे. म्हणाली, "आई, मला ते जाणवलंच नव्हतं."

इंग्लंड, आयटी

थोडंसंच लिहितो. लंडनच्या वायव्येला लिव्हस्डनला हॅरी पॉटरचे सेट २०१२ पासून बघायला खुले आहेत. मुलासाठी तिकिटं काढली होती. शेवटी हॅरीच्या शाळेच्या किल्ल्याची भलीमोठी प्रतिकृती येते, भोवती दिवस-रात्रीचा उजेड बदलतो. मुलगा पुढे गेला. माझ्या बाजूला एक साठीच्या बाई एकट्या उभ्या होत्या, हातात कुणाचा तरी लाल-सोनेरी मफलर. लहान मापाचा. मी काही विचारलं नाही. रात्र होऊन पुन्हा दिवस उजाडेपर्यंत आम्ही दोघं तिथे होतो.

ठाणे, पुन्हा

घड्याळवाल्या बाबांची मुलगी. बाबांना हा धागा वाचून दाखवत होते. कोल्हापूरच्या ताईंच्या अनुभवाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांब. मी पाचव्यावरच आहे, दोनशे पानं झालीत. मला माझं वाचू दे."

गेल्या रविवारी ते तिथे पोहोचले. मला कळलं, कारण दुपारी ते झोपले नाहीत, गॅलरीत बसून राहिले. संध्याकाळी कॉल लागला. नात म्हणाली, "आजोबा, कुठपर्यंत आलात?"

बाबा म्हणाले, "त्या मुलाने कागद खिशात टाकला गं."

"कुठला कागद?"

बाबांनी सांगितलं. नेव्हिल, त्याची आई, गमचा कागद, आजीचं बोलणं. तिकडे क्षणभर शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ती कॅमेऱ्यातून गेली आणि आपलं इंग्रजी पुस्तक घेऊन परत आली. पानं उलटायला लागली. बाबा मोबाइल दोन्ही हातांनी धरून वाट बघत होते.

"सापडलं," ती म्हणाली, आणि मान खाली घालून वाचू लागली.